ऊस नसलेल्या गावाला दोन दिवस

समुद्रावर दोन दिवस राहायला घर हवं म्हणून मागच्या हिवाळ्यात मी सहा-सात ठिकाणी फोन केले आणि प्रत्येक ठिकाणी माझा पहिला प्रश्न एकच होता. "तुमच्या घराजवळ ऊस आहे का?"

पलीकडची माणसं गोंधळायची. एका काकांना वाटलं मला रस प्यायचाय. "रसवंती आहे ना ताई, एसटी स्टँडपाशी," ते म्हणाले. एक बाई म्हणाल्या, "ऊस नाही हो, आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. इतकी दाट की भर दुपारी ऊन जमिनीला लागत नाही." बिचाऱ्या कौतुकानं सांगत होत्या. मी घाईघाईनं आभार मानले आणि फोन ठेवला.

आमचं गाव आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, लोणीच्या बाजूला. गावाभोवती ऊस, शेजारच्या गावाभोवती ऊस, मधल्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आणि त्या उसात बिबटे. यात आता आमच्याकडं कुणाला नवल वाटत नाही. आधी आमच्या गोठ्यातली कालवड गेली, मग दारातला कुत्रा गेला, तेव्हा नवऱ्यानं पडवीला खालपासून वरपर्यंत लोखंडी जाळी ठोकून घेतली. नंतर शेजारच्या गावात एका घरावर जे ओढवलं ते मी इथं लिहीत नाही. त्या दिवसापासून आम्ही पाच वाजले की लेकीला आत घेऊन कडी लावायला लागलो. तेव्हा ती अडीच वर्षांची होती. मागच्या हिवाळ्यात साडेचारची झाली.

म्हणजे दोन वर्षं तिनं संध्याकाळ पाहिली ती जाळीतून. माझं माहेर आळ्याकडचं. आम्ही पोरं खळ्यावर अंधार पडेपर्यंत खेळायचो आणि आई दारात उभी राहून हाका मारून मारून वैतागायची. माझ्या लेकीला हाक मारायची वेळच येत नाही, ती आतच असते. एकदा तिला पडवीत एकटीच पकडापकडी खेळताना पाहिलं. स्वतःच पळायची, स्वतःच मागं वळून "औट" म्हणायची. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांड्यांचा आवाज करत बसले.

मी अंगणवाडीत शिकवते. तिथल्या भिंतीवर चिकटवायला चित्रं कापत असताना समुद्राचं चित्र हातात आलं. वाळू आणि पाणी, बस. मांजर लपेल एवढीही जागा त्यात नव्हती. कात्री हातात धरूनच मी ठरवून टाकलं. खरं सांगायचं तर लेकीला समुद्र दाखवायची मला काही हौस नव्हती. तो मीही तीन-चार वेळाच पाहिलाय आणि त्याच्यावाचून माझं काही अडलेलं नाही. मला तिला एक संध्याकाळ द्यायची होती. उघड्यावरची, अंधार पडेपर्यंतची.

नवरा माझा शांत माणूस. त्याला एखादी गोष्ट पटली की नाही हे कळायला तीन दिवस लागतात आणि तेवढा धीर माझ्यात नाही. मी त्याच्या हातात फोन दिला आणि घरांचे फोटो बघायला बसवला. तो वाचायला लागला, "गर्दीपासून दूर, निसर्गाच्या कुशीत."

"नको," मी म्हटलं.

"झाडीत लपलेलं टुमदार घर."

"अजिबात नको."

"रात्री काजव्यांच्या उजेडात जेवण."

मी नुसतं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं फोन खाली ठेवला. "अगं, माणसं शांतता हुडकीत जात्यात, अन् आपण काय हॅलोजन हुडकायचा?"

"हो," मी म्हटलं, आणि शेवटी आम्ही तेच शोधलं. बोटींच्या धक्क्याला लागून एक घर मिळालं. एका अंगाला बर्फाचा कारखाना, दुसऱ्या अंगाला मासळी उतरवायची जागा, समोर मोठ्या दिव्यांचे खांब. घरवाल्या काकू फोनवर आधीच अवघडून बोलत होत्या. "वहिनी, आधीच सांगते हां. पहाटेपासून माणसांचा गलका असतो. आणि ते दिवे रात्रभर डोळ्यांवर येतात, पडदे लावले तरी."

"रात्रभर?" मी विचारलं.

"रात्रभर हो. काही उपाय नाही त्याला."

"दोन दिवसांसाठी खोली ठेवा आम्हाला," मी म्हटलं. "नक्की ना?" काकूंनी दोनदा विचारलं. त्या घरासाठी इतक्या आनंदानं होकार देणारं गिऱ्हाईक त्यांना कधी भेटलं नसावं.

तारीख ठरवताना नाकी नऊ आले. आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. रात्रीच्या आठवड्यात नवरा बॅटरी आणि काठी घेऊन मोटर चालू करायला जातो आणि तो परत येईपर्यंत मी जागी असते. कांद्याला पाणी द्यायचं होतं. मग दोन दिवस पाणी बघायला शेजाऱ्याला सांगून दिवसाच्या लाईटीचा आठवडा धरला आणि त्यातले शुक्रवार-शनिवार काढले.

सासूबाईंची मला धास्ती होती. त्यांचं माहेर मेंढरंवाल्यांचं, भाऊ अजून कळप राखतो. त्यांना फसवणं अवघड. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आत्या, तिथं ऊसच नाही. म्हणजे बिबट्याचा प्रश्नच नाही."

"वाघ काय उसाला चिकाटलाय व्हय?" त्या म्हणाल्या. "भाऊ मेंढरं घिऊन कोकणात उतरायचा. तिथल्या डोंगराला बी असतोय त्यो." एवढं बोलून त्यांनी नातीकडं पाहिलं. ती भिंतीपाशी बसून बाहुलीला ओरडत होती. सासूबाईंनी आवाज खाली घेतला. "पर न्या तिला. माझी पोरं रानात वाढली, तिला न्हाई मिळालं त्ये. अन् ह्ये आत्ता बोलले त्ये तिच्याम्होरं काढू नका."

तुम्ही येईपर्यंत बहिणीला सोबतीला बोलावून घेते, असंही त्यांनी आपणहून सांगितलं. मला एकदम त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पडले नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आवडीचं हुलग्याचं माडगं केलं.

लेकीचे प्रश्न आठवडाभर चालले होते. समुद्र रात्री झोपतो का, त्याला दार असतं का, ते कोण लावतं. दार नसतं म्हटल्यावर तिनं बराच वेळ विचार केला. "मंग त्यो बाहीर येत न्हाई?" मी म्हटलं, "थोडा येतो आणि परत आपल्या जागेवर जातो." हे तिला पटलं. मी बाजारातून लाल बादली आणि फावडं आणलं, दोन टोप्या आणल्या, औषधं, चिवडा, जादा कपडे, सगळं यादी करून भरलं. काही म्हणून राहिलं नाही, असं मला वाटत होतं.

शुक्रवारी उजाडल्यावर निघालो. खेड, चाकण, मग घाट. घाटात लेकीनं माझ्या साडीवर उलटी केली आणि लगेच विचारलं की समुद्र आला का. पोचलो तेव्हा दुपार टळली होती. काकूंचं घर सांगितल्याबरहुकूम होतं, मासळीच्या वासासकट. तिथून थोडं चालत गेलं की मोठी मोकळी वाळू, पुढं समुद्र आणि मागं सुरूची झाडं, एका ओळीत.

पहिल्या दिवशी ती पाण्याला बघून किंचाळली, पळाली, परत आली, बापाच्या पायांना मिठी मारून लाटेत उभी राहिली. मी खूश. मग ऊन पिवळं झालं. तिला घड्याळ कळत नाही, पण ते ऊन कळतं. ती पाण्यातून बाहेर आली, माझा हात धरला आणि ओढायला लागली. "आई, चल. आत जायचं."

"इथं थांबायचं असतं. बघ, सगळी पोरं खेळतायत."

"त्यांच्या आईला म्हाईत न्हाई."

मी समजावलं, लाडीगोडी लावली, शेवटी आवाज चढवला. इथं तो नाही, म्हटलं. तिनं विचारलं, "त्याला हिकडचा रस्ता घावत न्हाई?" मी नाही म्हणाले. ती ओढतच राहिली. शेवटी आम्ही सूर्य बुडायच्या आत खोलीवर आलो आणि मी नवऱ्यावर तोंडसुख घेतलं. त्याचा काही दोष नव्हता. राग मला तिचाही आला होता, आणि साडेचार वर्षांच्या पोरीचा तो राग आला म्हणून स्वतःचाही. इतक्या लांब येऊन मी तिला परत पाच वाजता आत घेतलं होतं.

दुसरी संध्याकाळ शेवटची होती, रविवारी सकाळी निघायचं होतं. त्या दिवशी ऊन पिवळं झालं तेव्हा ती आत चल म्हणाली नाही. पण माझ्याजवळच उभी राहिली, लाल बादली दोन्ही हातांनी पोटाशी धरून. पुढं चार-पाच पोरं उकिडवी बसून वाळूचा किल्ला करत होती. एकीनं हिला बोलावलं. ही हलली नाही.

"जा ना. बस त्यांच्यात."

"बसायचं न्हाई," ती म्हणाली.

मला काही क्षण कळलंच नाही. मग लख्ख कळलं. आमच्याकडं लेकरांना शिकवतात की उघड्यावर वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. बसलेलं माणूस बिबट्याला शेळीएवढं दिसतं. उभं राहायचं, ताठ चालायचं, मोठ्यानं बोलत राहायचं. शिकवतात म्हणजे मीच शिकवते. अंगणवाडीतल्या वीस पोरांकडून रोज म्हणून घेते. आणि माझी ही लेक एकदा अंगणात मुंग्या बघत बसली होती तेव्हा मी धावत जाऊन तिला उचललं होतं आणि पाठीत चापट मारली होती. ती मुंग्या मुंग्या म्हणून रडत राहिली होती. त्या चापटीचं मला अजून वाईट वाटतं. तशी वेळ आली तर मी परत मारीन, हेही खरं आहे.

सगळ्या यादीत माझं एवढंच राहिलं होतं. वाळूत खेळायचं तर खाली बसावं लागतं.

 मी तिच्या बादलीतलं फावडं घेतलं आणि स्वतः वाळूत बसले, झाडांकडं पाठ करून. बसल्यावर माझ्याच मानेवर काटा आला. मोकळ्या जागेत अशी पाठ करून मी किती वर्षांत बसले नव्हते, कोण जाणे. तरी खणायला लागले. लेक मला बघत राहिली. मग ती माझ्यामागं गेली आणि माझ्या पाठीला पाठ लावून, सुरूंकडं तोंड करून उभी राहिली.

"तू कर," ती म्हणाली. "मी बघते."

आमच्याकडं बायका कांदे काढायला वाकल्या की एकीनं उभं राहून उसाकडं नजर ठेवायची असते. पाळीपाळीनं. ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, तिनं बांधावर उभं राहून पाहिलेलं होतं. मी खणत होते आणि माझी साडेचार वर्षांची लेक मला राखत होती. मला रडू आलं. तोंड समुद्राकडं होतं म्हणून ते कुणाला दिसलं नाही.

बऱ्याच वेळानं ती माझ्यापुढं आली. मी खणलेला खड्डा तिनं वाकून न बघता, ताठ उभं राहूनच पाहिला. तो तिला आवडला नसावा. "आता तू हुबी राहा," ती म्हणाली.

मी उठले आणि सुरूंकडं तोंड करून उभी राहिले. माझ्यामागं ती आधी नुसती गुडघ्यांवर टेकली, मग बसली. मी वरवर उभी नव्हते. एकेक खोड निरखून बघत होते, कारण मधूनमधून ती मान वळवून मी बघतेय का ते तपासत असणार आणि तिला खोटं लगेच कळतं. नवरा पाण्याकडून म्हणाला, "अगं, सूर्य बुडाया लागला. बघ की." सगळे लोक तिकडं फोन धरून उभे होते.

"मी कामात आहे," मी म्हटलं.

तो आमच्याकडं आला. वाळूत बसलेल्या पोरीला पाहिलं, मला पाहिलं, आणि माझ्या शेजारी, झाडांकडं तोंड करून उभा राहिला. या माणसाशी मी किती भांडते, असं मला त्या वेळी वाटलं.

मागून फावड्याचा आवाज येत होता. थापल्याचा येत होता. पहिल्यांदा ती मोठमोठ्यानं बोलत होती, बाहेर बोलायचं असतं तसं. मग आवाज खाली आला आणि ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटायला लागली, दरवाजा इथं, पाणी तिथं. मान वळवून तपासायचंही थांबलं असावं. मला ते बघता येत नव्हतं. सुरूंची खोडं आता एकमेकांत मिसळली होती, धक्क्यावरचे दिवे लागले होते, आणि मी तशीच समोर डोळे लावून उभी होते.

"आई," ती म्हणाली.

"काय गं?"

"कवाची तिकडं काय बघतीस? हिकडं बघ की."

मी वळले. चांगलाच अंधार पडला होता आणि ती मांडी घालून वाळूत बसली होती.