पिंपातला आवाज

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास आतल्या खोलीतला संगणक पुन्हा बंद पडला. दाजी मोंडकर तेव्हा अंगणात माडाखाली एका होडीच्या इंजिनाचा कार्बोरेटर उघडून बसले होते. आतली घरघर थांबली, हे त्यांच्या कानांनी आधी टिपलं. समीक्षाने खुर्ची मागे सारल्याचा आवाज त्यानंतर आला. सोमवारपासूनची ही चौथी खेप होती. दाजींनी हातातला पान्हा फडक्यावर ठेवला, परत उचलला आणि कुठला नट फिरवायचा होता हेच विसरून गेले.

देवबागात दाजींना ओळखत नाही असा होडीवाला नाही. ऐन उमेदीत सात वर्षं ते मालवाहू बोटींच्या इंजिनघरात होते. गावी परतल्यावर त्यांनी होड्यांच्या मागे लावायच्या मशिनांची दुरुस्ती सुरू केली, त्याला आता तीस वर्षं झाली. अंगणात पाण्याने भरलेलं एक निळं पिंप आहे. दुरुस्त झालेलं इंजिन पिंपाच्या काठावरच्या फळीला अडकवायचं, पंखा पाण्यात बुडवायचा आणि दोरी ओढायची. इंजिन धडधडू लागलं की मालकाचा चेहरा उजळतो आणि तो इंजिन खांद्यावर घ्यायला पुढे होतो. दाजी मात्र देत नाहीत. होडीत जाळं भरा, चार माणसं बसवा, लाटेच्या पलीकडे अर्धा तास नेऊन आणा, मग इंजिन तुमचं, असं ते सांगतात. पिंपातल्या आवाजावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही. लोक कुरकुरतात, पण इंजिन त्यांच्याचकडे आणतात.

दुसरी सवय तळहाताची. पिस्टन असो, गिअर असो, वस्तू हातावर घेऊन दोनदा वरखाली करायची. भरीव असेल तर माल चांगला. बायको विमला म्हणायची की ह्यांच्या हातातच काटा आहे, आणि दाजींना ते आवडायचं.

हाच काटा महिन्याभरापूर्वी चुकला होता, आणि ते एकट्या दाजींनाच ठाऊक होतं.

समीक्षा त्यांची सून. मुलगा सर्वेश जहाजावर, सहा-सहा महिने घरी नाही. समीक्षा पुण्याच्या एका वास्तुविशारदाच्या कार्यालयासाठी घरबसल्या काम करते. नकाशावरचं घर बांधून झाल्यावर कसं दिसेल, त्याची फोटोसारखी चित्रं ती संगणकावर तयार करते. शेवटचं चित्र उमटवताना संगणकाला तास-दीड तास जीव तोडून राबावं लागतं. त्याला ती रेंडर म्हणते. एप्रिलच्या शेवटी त्या संगणकाचा पॉवर सप्लाय जळला. भिंतीतली वीज संगणकाच्या पोटाला मानवेल अशी करून देणारा तो लोखंडी डबा, चार वर्षं खारं वारं खाऊन गेला. दाजी इंजिनाच्या सामानासाठी कुडाळला निघाले होते. समीक्षाने कोणता डबा आणायचा ते एका चिठ्ठीवर लिहून दिलं, कंपनी, नंबर, किती वॉटचा, सगळं.

दुकानात तो नव्हता. चार दिवसांनी येईल असं दुकानदार म्हणाला, आणि तेवढ्यात त्याने दुसरा पुढे केला. वर सहाशे वॉट छापलेलं. दाजींनी तो हातावर घेतला. चांगला जड. दुकानदाराने एक वायर जोडून बटण दाबलं, डब्यातला पंखा भिरभिर फिरला. दाजींनी पैसे दिले. घरी येऊन स्वतःच तो बसवला, आणि समीक्षाने विचारलं तेव्हा, तू सांगितलेलाच आणला, असं बोलून गेले. चिठ्ठी खिशात ग्रीसने माखून फाटली होती. एवढ्याशा गोष्टीत काय खरं-खोटं करायचं, असं त्यांना तेव्हा वाटलं.

आठ दिवसांत संगणक पहिल्यांदा बंद पडला. सगळ्यांनी लाइटला दोष दिला. वायरमन आला, त्याने अर्थिंगचा खड्डा उकरून त्यात कोळसा आणि मीठ घातलं. खाऱ्या वाळूत आणखी मीठ ओतणाऱ्या त्या माणसाला दाजी बादलीने पाणी आणून देत होते आणि मान डोलवत होते. मग स्टॅबिलायझर आला. मग लाइट गेल्यावर संगणक चालू ठेवणारी बॅटरी बदलली. संगणक बंद पडतच राहिला, आणि दरवेळी दाजी लगबगीने इंजिनाकडे वळायचे. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं, पण विचारणार कोण आणि काय?

गुरुवारी जेवताना समीक्षाने बातमी सांगितली. कार्यालयातल्या साहेबांचा फोन होता. साहेब रागावले नव्हते, उलट समजुतीने बोलले. एका बंगल्याची चित्रं शनिवारी संध्याकाळपर्यंत हवीत, गिऱ्हाईक थांबलं आहे. घरून जमत नसेल तर जूनपासून पुण्याला ये, इथे एक खुर्ची रिकामी आहे, असं ते म्हणाले. समीक्षा ताटातला भात कालवत होती. कालवून झालेला भात तिने पुन्हा कालवला. विमलाने विचारलं की मग तू काय म्हणालीस. शनिवारी सांगते म्हटलंय, असं ती म्हणाली.

दाजी अर्ध्या जेवणावरून उठले. अंगणात गेले, कार्बोरेटर हातात घेतला, ठेवला. नदीच्या बाजूला गेले, समुद्राच्या बाजूला आले. देवबागात या दोन्हींत अंतर ते किती. जूननंतर या घरात विमला आणि आपण, आणि आतल्या खोलीला कडी. सर्वेश सुट्टीवर आला तरी पुण्यालाच उतरेल. हे सगळं आपल्या एका तळहातामुळे. की खरंच लाइटमुळे? तीन आठवडे त्यांनी या प्रश्नाला धरून ठेवलं होतं, कारण उत्तर लाइट असतं तर कोणाला काही सांगायची गरज नव्हती.

तीनच्या सुमारास ते आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. समीक्षा पुन्हा प्रयत्न करत होती. रेंडर लावलंस की मला सांग, असं त्यांनी तिला म्हटलं. तिने मान हलवली. आधी संगणकाचा आवाज नेहमीचा होता. मग तिने बटण दाबलं, आणि दाजींच्या कानांना तो बदल लगेच कळला. पंखे चढले. सूर भरला, जड झाला. माणसं आणि जाळं घेऊन होडी लाटेवर चढते, तेव्हा इंजिन जसं दम धरून ओरडतं तसा. नऊ मिनिटं झाली. मग काहीतरी अडखळल्यासारखं झालं आणि सगळं शांत.

दाजींनी वर पाहिलं. छताचा पंखा फिरत होता. कोपऱ्यातली बॅटरी गप्प होती, लाइट गेल्यावर ती टीक-टीक करते तशी करत नव्हती. लाइट कुठेही गेली नव्हती. पत्र लिहिताना, हिशेब करताना, गाणी ऐकताना हा संगणक कधी बंद पडत नव्हता. ओझं पडलं की पडत होता. आणि दुकानात आपण काय पाहिलं होतं? ओझं नसलेल्या डब्याचा फिरणारा पंखा. पिंपातला आवाज. जे कोणा होडीवाल्याचं तीस वर्षांत चालवून घेतलं नाही, ते आपण काउंटरवर उभं राहून चालवून घेतलं.

आता नवा डबा आणायला हवा होता, आणि आणायचा तर चिठ्ठी हवी होती. कंपनीचं नाव त्यांना आठवत नव्हतं. समीक्षाला विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि विचारायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. ते दारातच उभे राहिले. एकदा मागे वळले, ओटीपर्यंत गेले आणि परत आले.

“समीक्षा, ती चिठी परत लिवन दी,” ते म्हणाले. “आदी दिलंस ती फाटली. आणि हो डबो तू सांगलेलो नाय. तो दुकानात नाय होतो. होतो तो मी हाडलंय, आणि तुका खोटां सांगलंय.”

समीक्षाने खुर्ची वळवली. रडते की काय असं दाजींना वाटलं. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं, म्हणजे विमला ऐकत होती.

“म्हणजे तीन आठवडे मी लायटीक गाळी घालतंय,” समीक्षा म्हणाली, “आणि तुमी बाजूक रवान ऐकतास.”

दाजींनी मान खाली घातली. आतून विमलाचा आवाज आला, “हातातलो काटो गंजलो म्हणान सांग त्यांका.”

समीक्षाच्या तोंडावर हसू आलं नाही, पण खांदे जरा सैल झाले. तिने कागद ओढला, लिहायला लागली, मग थांबली आणि कागद स्वतःच्याच पिशवीत ठेवला. “उद्या मीच येतंय. तुमी एकटे जावचे नाय.”

शुक्रवारी सकाळी शेजाऱ्याच्या रिक्षातून दोघं कुडाळला निघाली. संगणकाचं खोकं जुन्या चादरीत गुंडाळून मध्ये ठेवलं होतं. धामापूर मागे पडलं, नेरूर आलं. दाजी दर खड्ड्याला खोक्यावर हात ठेवत होते आणि रिक्षावाल्याला हळू म्हणून सांगत होते. उद्या संध्याकाळपर्यंत म्हणजे किती तास उरले, हे त्यांनी वाटेत तीनदा मोजलं. समीक्षा बाहेर बघत होती.

या वेळी ती त्यांना औद्योगिक वसाहतीजवळच्या शर्मिलाकडे घेऊन गेली. पन्नाशीची ही बाई आसपासच्या कारखान्यांतले संगणक दुरुस्त करते. तिने आधी दाजींनी आणलेला डबा काढला, आत साठलेली वीज उतरावी म्हणून थोडा वेळ बाजूला ठेवला आणि मग उघडला. आत भागांची दाटी कमी आणि मोकळी जागा जास्त होती. तळाशी दोन स्क्रूंनी बसवलेली लोखंडाची एक पट्टी होती. ती कशालाही जोडलेली नव्हती. शर्मिलाने ती काढून दाजींच्या हातावर ठेवली आणि डबा दुसऱ्या हातात दिला. डबा एकदम हलका होता. दाजींनी दोन्ही हात एकदा वरखाली केले आणि पट्टी खिशात टाकली.

मग तिने समजावून सांगितलं. वर छापलेला आकडा कोणीही छापू शकतो. समीक्षाचं यंत्र भर कामात चारशे वॉटच्या आसपास मागतं, आणि या डब्याला त्याच्या निम्मंही झेपत नसणार. बघायचं ते हे, की बारा व्होल्टच्या तारेवर तो खरोखर किती देतो, तो तपासल्याचा शिक्का आहे का, वीज कमी-जास्त झाली तर स्वतः बंद होऊन बाकीच्यांना वाचवतो का, आणि कंपनी किती वर्षांची जबाबदारी घेते. चिठ्ठीवरच्या कंपनीचा डबा तिच्याकडे साडेपाचशेचा आणि साडेसहाशेचा असा दोन्ही मापांत होता. लहानावर भागेल, असं ती म्हणाली.

समीक्षाने दाजींकडे पाहिलं. ती पुन्हा आपल्याला विचारतेय हे त्यांना क्षणभर खरं वाटेना. त्यांनी डबा हातावर घेतला नाही. कायम पूर्ण रेसवर पळणारं इंजिन दोन हंगामांत बसतं, अर्ध्या-पाऊण रेसवर चालणारं दहा वर्षं चालतं, एवढंच ते म्हणाले. आणि आमच्याकडे खारं वारं आहे. समीक्षाने साडेसहाशेचा निवडला. सात वर्षांची हमी होती. मागच्यापेक्षा दुप्पट किंमत होती.

शर्मिलाने वायर जोडून बटण दाबलं. पंखा फिरला. चालू आहे, असं म्हणून ती पावती फाडायला वळली.

“बाई, हो पिंपातलो आवाज,” दाजी म्हणाले. “माका भरलेल्या होडीतलो होयो.”

शर्मिलाला उलगडा झाला नाही. समीक्षाने सांगितलं, आणि ती हसली. “होडी घेवन इलास काय?” तिने विचारलं. समीक्षाने चादरीतल्या खोक्याकडे बोट केलं.

डबा तिथेच बसवला. समीक्षाने बंगल्याचं रेंडर लावलं. पंखे चढले, सूर भरला. दाजी टेबलाजवळ उभे राहिले. पाच मिनिटं. आठ. नवव्या मिनिटाला ते बाहेर गेले. रस्त्यावरून ट्रक जात होते, त्यांची इंजिनं ऐकून कोणाचा कुठला भाग गेला आहे ते ते स्वतःशी ठरवत राहिले, पण एक कान आत होता. पंधराव्या मिनिटाला आत आले. चालू होतं. पुन्हा बाहेर. समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि अर्धा टाकून आले. तिसाव्या मिनिटाला आत गेले तेव्हा समीक्षा स्टुलावर बसून शर्मिलाशी बोलत होती. संगणकावर विमलाने शिवलेला कापडी अभ्रा घालतो हे ऐकून शर्मिला तिला बजावत होती की चालू असताना तो काढत जा, खारं वारं परवडलं, पण श्वास कोंडलेला नको.

एक तास बारा मिनिटांनी चित्र पूर्ण झालं. पांढरा बंगला, पुढे गुलमोहर. दाजींना घर ठीक वाटलं, वळचण मात्र आखूड वाटली, इतक्याशा छपराला आपल्याकडचा पाऊस कसा झेपेल. हे त्यांनी मनातच ठेवलं.

शनिवारी सकाळपासून उरलेली पाच चित्रं करायची होती. दाजींनी इंजिन पिंपाला लावलं, पण दोरी ओढली नाही. दर दहा मिनिटांनी ते हातात पान्हा घेऊन आतल्या खोलीच्या खिडकीशी यायचे, ऐकायचे आणि परत जायचे. चार वाजले. इंजिनाचा मालक येऊन बसला होता, तोही कंटाळून समुद्राकडे गेला. साडेपाचला दाजी पुन्हा खिडकीशी उभे राहिले. सूर उतरत होता. अडखळून नाही, काठाला लागणाऱ्या होडीसारखा सावकाश.

समीक्षा टाइप करत होती. चित्रं पाठवून झाली, मग तिने साहेबांना चार ओळी लिहिल्या आणि शेवटची ओळ खिडकीकडे न वळता मोठ्याने वाचून दाखवली, की जूनपासूनही मी इथूनच काम करीन.

दाजी तरीही हलेनात.

“बाबांनू, होडी इली परत,” ती म्हणाली. “जावा आता, तुमचां पिंप वाट बघता.”

दाजी अंगणात गेले. खिशात काहीतरी टोचत होतं म्हणून हात घातला, तर ती लोखंडी पट्टी. तिचं काय करायचं ते न सुचून त्यांनी ती पिंपाच्या काठावर ठेवली आणि इंजिनाची दोरी ओढली.