टाके बघून घेतलेली गाडी

माझ्या मोठ्या जाऊबाई पडदे शिवतात. गिऱ्हाईक पडद्याचा रंग बघतं, जाऊबाई मात्र आधी कापड उलटं करून टाके बघतात. माणसांच्या बाबतीतही त्यांची हीच रीत, म्हणून त्यांच्यापुढे मी जरा जपूनच बोलते.

गेल्या वर्षी त्यांना एका इस्पितळाचं काम मिळालं. साठ खाटांमधले आडपडदे. दर पंधरवड्याला उसवलेले आणायचे आणि दुरुस्त केलेले सकाळी आठच्या आत पोचवायचे. एकदा चुकलं की काम दुसऱ्याला. आतापर्यंत गठ्ठे भाड्याच्या टेम्पोतून जायचे, आणि टेम्पोवाला आठ म्हणजे दहा समजायचा. स्वतःची गाडी घेणं भागच होतं. पन्नाशीत त्या गाडी चालवायला शिकल्या तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. आता कुणी हसत नव्हतं.

घरात दोन पक्ष पडले. पुतणी, म्हणजे जाऊबाईंची मुलगी, बँकेत आहे. तिने दोनच वर्षं वापरलेली, चकचकीत गाडी शोधली आणि कर्जही जवळजवळ मंजूर करून आणलं. खटारा घेतलास तर निम्मी कमाई गॅरेजवाल्याच्या घशात जाईल, असं तिने आईला बजावलं. भावोजींना कर्ज म्हटलं की घाम फुटतो. त्यांनी गाडीबाजारातली एक स्वस्तातली जुनी गाडी हेरून ठेवली होती.

जाऊबाई दोघांचंही ऐकून घेत होत्या. एका दुपारी भाजी निवडताना मला हळूच म्हणाल्या, "हप्ता सुरू झाला तर दोन बायकांचा पगार निघणार नाही गं. एकीला थांबवावं लागेल. आणि थांबवायचं म्हटलं तर काकूंनाच."

तुरपाई करणाऱ्या काकू बारा वर्षं त्यांच्याकडे होत्या. नजर मंदावलेली, हात सावकाश, आणि घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. हे कुणापाशी बोलू नकोस, असं जाऊबाईंनी मला दोनदा सांगितलं.

स्वस्तातली गाडी बघायला मीही गेले. भावोजी टायरला लाथ मारून बघत होते, विक्रेता इंजिनाचे गोडवे गात होता. जाऊबाई मागच्या सीटवर वाकल्या आणि शिवणीवरून बोट फिरवत राहिल्या.

"कापड जुनं आणि दोरा नवा," त्या म्हणाल्या. "हे उसवलं कशाला होतं?"

मुलांनी फाडलं असेल, असं विक्रेत्याने सांगितलं. त्यांनी कव्हरची खालची कड उचलली. आत फोमवर सुकलेल्या चिखलाची सरळ रेघ होती. गाडी कधीतरी पाण्यात उभी राहिलेली होती. वरून धुतली, आतलं राहिलं. भावोजींनी घरची वाट धरली.

पुतणीला जोर चढला. आता कर्जाशिवाय इलाज नाही, असं मलाही वाटायला लागलं. संध्याकाळी देवापुढे हात जोडताना मी काकूंचीही आठवण करू लागले.

जाऊबाई मात्र तीन रविवार जुन्या गाड्यांच्या सीटा चाचपत फिरल्या. "आई, तू गाडी बघतेस की ब्लाऊज?" पुतणी चिडवायची. शेवटी एका निवृत्त मास्तरांकडे हवी तशी गाडी मिळाली. रंग उडालेला, दाराला पोचा, पण आतला एकूण एक टाका कारखान्यातलाच. दोराही कापडाइतकाच विटलेला. मेकॅनिकने क्लच तेवढा बदलायला सांगितला, बाकी ठणठणीत. साठवलेल्यात भागलं.

पहिल्या खेपेला गठ्ठ्यांबरोबर मी मागे बसले. पडदे हुकांना अडकवायला काकू सोबत होत्या, त्यांना पुढे बसवलं. दार तीनदा आपटलं तेव्हा कुठे लागलं.

"एवढं मोठं काम मिळालं," काकू कुरकुरल्या, "जरा बरी गाडी घ्यायचीत की. जन्मभर असा चिक्कूपणाच करायचा का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात जाऊबाईंनी आरशातून माझ्याकडे एकदाच बघितलं.

"चुकलंच, काकू," त्या म्हणाल्या आणि गाडी सुरू केली.

पावणेआठला आम्ही इस्पितळाच्या दारात होतो.