बेस गिटारची घूं

२००२ चा मे. दुसऱ्या दिवशी लांज्याला एका लग्नात आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम, आणि इकडे रत्नागिरीत माझी बेस गिटार घूं करत बसलेली... वाजवा, नका वाजवू, घूं चालूच.

ऑर्केस्ट्रा चालवणारे विजूदादा सरळ सांगून मोकळे झाले, "उद्या हा आवाज असला तर तू राहू दे. बेस कीबोर्डवर घेऊ." एकदा कीबोर्डवर भागलं की मला पुन्हा कोण बोलावतंय... आणि बँकेच्या परीक्षा सोडून मी हे धरलेलं. बाबा त्यावर वर्षभर चकार शब्द बोलले नव्हते, तेच जास्त लागायचं.

आधीचा आठवडा मी गुहागरला मावशीकडे होतो. जाताना जुन्या तारा काढून ठेवल्या, आल्यावर नव्या चढवल्या आणि तेव्हापासून हे सुरू. साहजिकच शिव्या नव्या तारांना. मग गिटार उघडून आतल्या खाचेत पोळ्या गुंडाळायची फॉइल चिकटवली, तिला अर्थिंगची वायर जोडली... ढिम्म फरक नाही.

शेवटी एक गोष्ट लक्षात आली. तारांना हात लावला की घूं थांबायला हवी, ती थांबत नव्हती. केबलच्या पिनेला बोट लागलं की मात्र एकदम गप्प. म्हणजे अर्थिंग तारांपर्यंत पोचतच नव्हतं.

तारा ज्यात अडकवतात तो लोखंडी ब्रिज काढला. त्याला खालून टेकणारी अर्थिंगची वायर जागच्या जागी होती. पण ब्रिज खालून-वरून चकाचक, आणि त्याला आमच्या दरवाज्यांचा वास...

बाबा पडवीत पेपर वाचत होते. "अरे, गंज धरत होता त्याला. दरवाज्यांना व्हार्निश मारत होतो, म्हटलं ह्यालाही एक हात मारू. समुद्राजवळ लोखंड राहतं होय असं उघडं?"

चिडायचं होतं, पण हसूच आलं. वायर आणि तारा टेकतात तेवढी जागा पॉलिश पेपरने घासली, सगळं परत बसवलं, अँप्लिफायर लावला. शांत... जीव भांड्यात पडला.

लांज्याला पहिल्या गाण्याआधी विजूदादांनी वळून विचारलं, "बेस चालू आहे ना रे?" मी एक सूर वाजवला, त्यांनी मान डोलावली. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

त्यातलं निम्मं श्रेय त्या व्हार्निशचं... नकोशी वस्तू कुणी स्क्रू काढून, उलटी करून, खालूनसुद्धा रंगवत नाही.