हिशोब नातीनं केला, गाडीत दुसराच बसला

राग आला का माह्यं तोंड बंद होते आनं हात चालू होतात. नवरा गेला, सून गेली, पोरगा ट्रक घेऊन देशभर फिरते. नात माह्याजवळ राह्यली. मी कोनाजवळ रडत बसली नाही, दुसऱ्याच्या वावरात कापूस येचाले पऱ्हाटीत उभी राह्यली. पन शाळेतल्या सरचा राग काई केल्या उतरत नाही, म्हनून सांगून राह्यली.

आमच्या कळंबकडच्या गावच्या शाळेत पोट्टे-पोट्ट्या मिळून यंत्र बनवतात. चाकावर पयते, चेंडू उचलते आनं टोपल्यात टाकते. त्याची स्पर्धा असते. दोन शाळांचे यंत्र एका बाजूनं खेळतात, दोन दुसऱ्या बाजूनं. गुन भेटतात ते जोडीले. त्यात कोनाच्या यंत्रानं किती काम केलं, काई समजत नाही. आनं शेवटच्या खेळासाठी जोडीदार आपल्यालेच निवडा लागते. चुकला तं सिद्दे घरी.

मले हे नातीनंच समजावलं. म्हने, "आजी, दोघी बायायनं एकाच गाठोड्यात कापूस येचला, तं जास्त कोनी येचला हे कसं पायशीन?"

"दुसऱ्या दिवशी जोड्या बदलून पाहीन."

"बस, हेच मले कम्प्युटरले शिकवाचं हाये."

तिच्या मामानं जुना लॅपटॉप देल्लता. त्याची बॅटरी मेलेली, वायर निंघाली का बंद. आनं आमच्याकडे लाइनीचा काय भरोसा? लाइन आली का पोरगी हातातली भाकर ठेवून पये. मोबाइलवर खेळ पाहून एकेका जोडीचे गुन भरे. मधातच लाइन गेली का भरलेलं पुसून जाये. ते काई बोले नाही, परत भराले बसे. माह्यावरच गेली. मी तिच्या वाट्याचं पानी भरलं, शेन काढलं. गुडघे दुखत, पन म्हनलं, आपलं दुखनं जुनं हाये, तिचं काम नवं हाये.

शेवटी जमलं. कोन्याबी शाळेचं नाव दाबा, त्यायचं यंत्र काय करते, कुठं अडकते, सारं दिसे. टूल म्हनतात त्याले. यवतमाळच्या स्पर्धेत त्याच्यावरूनच जोडीदार निवडला आनं आमचे पोट्टे जिंकले. आता नागपूरले जाचं होतं. नातीनं नागपूर कधी पाह्यलं नव्हतं.

गुन भराले एकच जन नेता येते म्हने. सरनं तिच्या जागी संस्थेच्या अध्यक्षाचा पुतन्या बसवला. कायले, तं त्याची इंग्रजी चांगली, परीक्षकायले तो नीट सांगीन. आनं टूल बनवनारा म्हनून नावबी त्याचंच देल्लं. नातीनं हे घरी येऊन सांगतलं, दप्तर ठेवलं आनं गोठ्यात गेली.

गाडी निंघाच्या सकायी मी शाळेत गेली. सरले इचारलं. ते हासले. म्हने, टूल टीमचं असते, एकाचं नसते, तिले पुढच्या वर्षी नेऊ.

मी म्हनलं, "सर, जन्मभर कापूस येचला मी. सोबतीनले ताप आला तं तिच्या गाठोड्यात आमी आपल्या मुठी टाकतो. पन दुसरीचं गाठोडं आपल्या नावानं काट्यावर ठेवनारी बाई मी नाही पाह्यली. तुमी हे कोनत्या शाळेत शिकले?"

ते घड्याळ पाहाले लागले.

मंग मी गाडीसामोर जाऊन बसली. मातीतच. डायवर बोरी अरबचा निंघाला, माह्या माहेरचा. त्यानं गाडी बंद केली, चाबी खिशात टाकली. म्हने, "सर, हे आमच्या गावची आत्या हाये. आत्या उठल्याबगर गाडी नाही हालत. तुमी पाह्यजे तं धक्का मारा."

पोट्टे हासले. सरनं पह्यले हात जोडले, मंग म्हने बुढीले उचला कोनीतरी. कोनी हात लावला नाही. पुतन्या खिडकीतून माहा फोटो काढून राह्यला होता.

तेवढ्यात नात सायकलीवर आली. मले वाटलं, बाजूले येऊन बसन. तिनं माह्या खांद्यावर हात ठेवला. "ऊठ आजी. येळेवर नाही पोचले तं सारी टीम बाद होईन. त्या पोरी माह्यासंग राबल्या."

"आनं तू?"

"मी रडली का?"

मी उठली, लुगडं झटकलं. गाडी गेली. नातीचाबी राग आला मले, आजबी हाये. गावातले लोकं म्हनतात पोरीचं मन किती मोठं. दर येळी पोरीनंच काहून मोठं मन करावं? पुतन्याले कोनी सांगतलं का, बाबू, तू उतर, मोठं मन कर? ते नागपूरले जिंकले का हरले, मी इचारलंच नाही.

परवा सर घरी आले. हा खेळ दर साली बदलते म्हने, टूलबी नव्यानं करा लागते, आनं पुतन्याच्यानं ते होत नाही. नात ओट्यावर तूर निवडत होती. मान वर न करता म्हने, "करून देतो ना सर. पह्यले जानारायच्यात माह्यं नाव टाका. टूलवरबी माह्यंच. हेडसरच्या सामने सांगा."

"बघू," सर म्हनले.

"मंग मीबी बघतो."

सरनं माह्याकडे पाह्यलं, का मी तिले दोन शब्द सांगीन. मी आत गेली आनं पानी आनलं. दारी आलेल्या मानसाले पानी नाही म्हनता येत. चहा नाही मांडला.