छातीशी धरलेली उशी

सोलापूरहून उमरग्याला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. साठी ओलांडलेली, बायपास होऊन नुकतीच दवाखान्यातून सुटलेली. गाडीनं गचका दिला की मांडीवरची उशी छातीशी घट्ट आवळायची आणि रस्ता करणाऱ्याला एक शिवी हासडायची. टाक्यांवर घासू नये म्हणून गळ्यातलं इष्टलिंग तिनं दंडाला बांधून घेतलं होतं. काढून ठेवणं तिला मंजूर नव्हतं.

मागच्या सीटवरून तिचा मुलगा सारखा बजावत होता, "अव्वा, आता रानात जायचं न्हाय. घरात निवांत बसून ऱ्हायचं."

मलाही राहवलं नाही. "बरोबर सांगतोय तो, मावशी. आता काळजाला जपायला हवं," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तिचं रान बळकावायला आलोय.

"डाक्टरनं काळीज गार करून बंद पाडलं हुतं. रगताचा थेंब न्हाय, तरी मेलं न्हाय, गुमान पडून ऱ्हायलं. पुन्ना रगत सोडलं, तसं आपलं आपुन धडधडाय लागलं. शॉक बी द्यावा लागला न्हाय, डाक्टरच म्हनला. त्येला बसून ऱ्हावं वाटलं न्हाय, अन् तुमी मला बसवताव व्हय?"

माझा हात नकळत माझ्याच छातीवर गेला. आत ते चाललं होतं, कुणाला न विचारता.

मुरुमच्या फाट्यावर गाडी थांबली. मुलानं आधी उतरून आधाराला हात पुढं केला. तिनं त्या हातात उशी दिली आणि एकटी खाली उतरली.