तांबडीची पोस्ट

फौजेत मी सतरा वर्षं लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात होतो. आठवीत शाळा सुटली, ट्रेड्समन म्हणून भरती झालो. रायफल शिकलो, गार्ड ड्युटी केली, पण हातात जास्त वेळ सुरीच राहिली. कोंबड्या किती कापल्या याची मोजदाद नाही. म्हणून हे सांगायला लागलो की जुने सोबती हसतात.

पेन्शनीवर आल्यावर पाटणला एका शाळेत वॉचमनची नोकरी मिळाली. माझं गाव म्हसवडकडं, तीन एसट्या बदलाव्या लागतात. खोली मिळाली ती ओढ्याकाठी, अनुसयामावशींच्या कौलारू घरात. पहिल्याच महिन्यात मला कावीळ झाली. नात्याची ना गोत्याची, पण त्या बाईनं महिनाभर मला पथ्याचं करून घातलं. ते मी विसरलेलो नाही.

मावशी एकट्याच. परसात सात बदकं आणि अकरा कोंबड्या. थंडी पडली तशी आठ दिवसांत दोन कोंबड्या आणि एक बदक गेलं. सकाळी नुसती पिसं.

त्यातच एक तांबडी कोंबडी खुडूक बसलेली होती. बदकीण अंड्यांवर नीट बसत नाही, म्हणून तिची अंडी कोंबडीखाली ठेवतात. मावशींनी नऊ ठेवली होती. कोंबडीची पिल्लं एकविसाव्या दिवशी निघतात, बदकाची अठ्ठाविसाव्या. म्हणजे तांबडीला एक आठवडा जादा ड्युटी. तिचा तेविसावा दिवस चालू होता.

"ही नऊ फुटली तर बदकं ठेवीन," मावशी म्हणाल्या. "न्हाईतर उरल्याली दिऊन टाकते कुनाला. रोज उठून पिसं गोळा करायचं वय ऱ्हायलं न्हाई माजं."

"पाच दिस द्या मावशी. मी बघतो."

त्याच संध्याकाळी कामाला लागलो. परसाला जाळी मारली. तारेला रिकामे डबे बांधले. तांबडीची पाटी अंड्यांसकट उचलून पडवीत आणली, भिंतीला लागून, तुळईखाली. माझ्या मते घरातली सगळ्यात सुरक्षित जागा. माझी पोस्ट पडवीच्या पायरीवर, ०३०० ते ०६००. पाठ घराकडं, तोंड ओढ्याकडं. संत्री, म्हणजे पहारेकरी, बाहेर बघतो, मला तेच शिकवलेलं.

पहिल्याच पहाटे डबा वाजला. मी ओरडलो, "थम! कौन आता है?"

शेजारचं मांजर पळालं. आतून मावशींचा आवाज आला, "मांजर काय हात वर करून नाव सांगनार हाय व्हय रं? झोपू दी की!"

रोज संध्याकाळी फोनवर रिपोर्ट द्यायचो. हवालदार किसन उस्ताद, तासगावचे, पलटणीत माझे गार्ड कमांडर. आता त्यांच्या घरीही कोंबड्या आहेत.

"रिपोर्ट."

"सब ठीक उस्ताद. बाहेर कुठं ठसा न्हाई."

"ठसा न्हाई आन बदक गेलं? उडत आलं व्हय त्ये?"

"काय म्हायती."

"डोकं चालव गड्या. नुसता कांदा चिरत बसलास जलमभर."

एक गोष्ट मी रिपोर्टमध्ये सांगितली नाही. पहिल्या तिन्ही पहाटे मला भाताचा वास येत होता. गरम, आंबेमोहोरासारखा. मी मनावर घेतलं नाही. लंगरातल्या माणसाच्या नाकात भात कायमचाच बसलेला असतो, असं समजलो.

सत्ताविसावा दिवस. ०४२० वाजता तो वास एकदम दाट आला. तेव्हा कुठं डोक्यात आलं. मावशी रात्री भाकरी करतात. चार दिवसांत या घरात भात शिजलेलाच नव्हता. आणि वास येत होता तो पाठीमागून.

वळून बॅटरी मारली. पाटीवर एक काळपट जनावर, लांब शेपटीचं. काठी आपटली तसं ते भिंतीवरून तुळईवर आणि तुळईवरून कौलाखालच्या फटीत गेलं. उदमांजर. माळ्यावरच राहत होतं. मी चार पहाटे त्याच्याकडं पाठ करून बसलो होतो, आणि तांबडीला आणून ठेवली होती बरोबर त्याच्या वाटेवर.

तांबडी पाटीतच होती. पळायला पुढचा सगळा परस मोकळा होता. ती उठली नव्हती. पंख पसरलेले, मानेतून रक्त. एक अंडं फुटलेलं, आठ तिच्याखाली. मी हात घातला तर मला टोचलं.

०५१० वाजता तिनं मान टाकली.

उस्तादांना फोन लावला. "माळ्यावर हुतं. भाताचा वास यायचा."

उस्ताद म्हणाले, "उदमांजराचा वासच तसा असतोय. रिपोर्टमधी का न्हाई सांगितलंस?"

"वाटलं, माझ्याच नाकात हाय."

"अंडी किती?"

"आठ."

"बल्ब लाव. जुना, पिवळा. एलईडीला ऊब नसती. वाटीत पानी ठेव जवळ. अंडी आता फिरवायची न्हाईत. पोस्ट सोडू नको."

"जी उस्ताद."

उजाडल्यावर परसात खड्डा खणला. मावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "कोंबडीला कुनी पुरतं का रं?"

"वाट मोकळी हुती मावशी तिला."

त्या आत गेल्या. मूठभर जोंधळे आणून खड्ड्यात टाकले. मग मी माती लोटली.

उदमांजराला मारलं नाही. दिवेलागणीला ते बाहेर पडलेलं डोळ्यांनी पाहिलं आणि सगळ्या फटी जाळीनं बंद केल्या. खुराडं भिंतीपासून लांब नेलं, वरूनही जाळी मारली. शाळेतून दोन दिवस सुट्टी घेतली आणि बल्बाशेजारी बसलो. लाइट जाईल या धास्तीनं गरम पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या होत्या. अठ्ठाविसाव्या दिवशी दुपारी पहिल्या अंड्याला टोचा पडला. आठातली सहा निघाली.

आता ती सहाही मोठी झालीत. त्यानंतर एकही पाखरू गेलेलं नाही. नऊ वाजता खुराडं उघडलं की सगळी रांगेनं ओढ्यावर जातात. रस्त्यावरची नवी माणसं थांबून विचारतात, "आवं, कुनाची म्हनायची ही बदकं?"

मावशी स्वतःचं नाव सांगत नाहीत.

"तांबडीची," म्हणतात.