चर्चमागची घरं

“सुजाता, नकाशा हद्दीपाशी क्रॉप कर आणि आज फाइल पाठव,” माझी बॉस डेब्रा म्हणाली.

“फाइल आज पाठवते. क्रॉप करणार नाही.”

ती खुर्ची ओढून माझ्या टेबलापाशी बसली. अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या आमच्या छोट्या ऑफिसात सगळे उभ्याउभ्याच बोलतात. बॉस बसली म्हणजे प्रकरण गंभीर.

आमचा धंदा जरा निराळा आहे. ज्या अमेरिकन कुटुंबांचे पूर्वज इंग्लंडच्या खेड्यांतून आले, त्यांना आम्ही त्या खेड्याचा इतिहास शोधून पुस्तक करून देतो. त्यातले नकाशे माझे. जुने सर्व्हेचे नकाशे कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवायचे आणि मधल्या काळात काय बदललं ते बघायचं. याला ओव्हरले म्हणतात. नागपूरला मी सिव्हिल शिकले, इथे येऊन हे शिकले. ज्या खेड्यांत कधी पाय ठेवला नाही त्यांच्या गल्ल्या आता मला तोंडपाठ आहेत.

या वेळचे क्लायंट प्लेनोचे मिस्टर व्हिटलो. त्यांचे पूर्वज एका अख्ख्या पॅरिशचे मालक होते. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव आणि त्याचं शिवार. कुटुंबाच्या मेळाव्यात सगळ्या भाऊबंदांना पुस्तक वाटायचं होतं. आपल्या गावात गरीब कुणी नव्हतंच, असं त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले होते. दीडशे वर्षांपूर्वीच्या नकाशातही तसंच दिसत होतं. मोठी हवेली, चर्च, पाद्र्याचं घर, बागा असलेली मोजकी टुमदार घरं.

मला ते पटेना. चारी बाजूंना नांगरटीची जमीन. ट्रॅक्टर यायला अजून बराच अवकाश होता. मग एवढा गहू कापत कोण होतं? आणि ती माणसं रात्री झोपत कुठे होती?

हा प्रश्न मला कुठल्या कॉलेजनं शिकवला नाही. आमचं गाव भंडाऱ्याकडचं. पाहुण्याला गाव दाखवतात ते देऊळ, चावडी आणि पाटलाचं घर. आमची वस्ती नाल्यापलीकडे. गाव दाखवणारा नाल्यापाशी आला की मागे फिरतो. त्यामुळे कुणी मला सुंदर गाव दाखवलं की मी आधी नाला शोधते.

इथे नाला नव्हता, पॅरिशची हद्द होती. जुन्या नकाशात चर्चमागे लहान घरांची एक ओळ होती. पुढच्या नकाशात ती गायब, आणि हद्दीपलीकडच्या गावात तेवढ्याच काळात घरांची दाटी झालेली. पाठीला पाठ लावून, अंगणाविना. तिथून एक पायवाट थेट व्हिटलोंच्या शेतात येत होती.

त्या काळी गरिबांना, म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना पोसणं ही त्यांच्या पॅरिशची जबाबदारी होती आणि त्याचा कर जमीनवाल्यांवर बसायचा. काही जमीनदारांनी यावर उपाय शोधला. मजुरांची घरंच पाडून टाकायची. मजूर शेजारच्या पॅरिशमध्ये राहणार, रोज चालत येऊन इथे राबणार, आणि अंथरुणाला खिळला की तो शेजाऱ्यांचा. आमच्या रिसर्चरनं इस्टेटीचे कागद तपासून खात्री करून दिली. इथेही हेच झालं होतं.

“पॅरिशचा नकाशा पॅरिशच्या हद्दीपाशीच संपतो,” डेब्रा समजावत म्हणाली. “टेक्निकली त्यात काही चूक नाही.”

“त्या जमीनदाराचीही टेक्निकली काही चूक नव्हती.”

लंचला नितीननं मला गाठलं. तो पुण्याचा, पुस्तकांचा लेआउट करतो. “अगं, कशाला ताणतेस यार? मी कापून टाकतो. पानात बसला नाही म्हणून सांगू.”

“काप. मग त्यावरचं माझं नावही काढ. आणि का काढलं ते मी क्लायंटला सांगेन.”

“नोकरी जाईल तुझी.”

ते मला ठाऊक होतं. माझा व्हिसा या नोकरीवर होता. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण राग जास्त येत होता. त्या माणसांना एकदा हद्दीबाहेर काढून झालं होतं. पुन्हा एकदा ते काम माझ्या हातून होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल झाला. व्हिटलो सत्तरीपलीकडचे, सावकाश बोलणारे. मी पाठवलेला पूर्ण नकाशा त्यांच्यासमोर होता.

“मी माझ्या गावाचा नकाशा मागितला होता. शेजारच्या नाही.”

“हा तुमच्याच गावाचा आहे सर. तुमच्या गावाचे मजूर तिथे राहत होते.”

“तुमचा त्या गावाशी काय संबंध?”

“काही नाही. पण गावाबाहेर ठेवलेल्या माणसांची मी नात आहे. अशी माणसं मला नकाशात दिसतात. दिसल्यावर मी ती पुसणार नाही. दुसऱ्या कुणाकडून पुसून घ्या.”

डेब्रा टेबलाखालून मला पायानं ढोसत होती. व्हिटलो बराच वेळ नकाशा झूम करून बघत राहिले.

“चर्चच्या मागे तर फळबाग होती,” ते शेवटी म्हणाले. “माझी आजी नेहमी सांगायची.”

“होती. घरं पाडल्यावर त्याच जागी लावलेली. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून बघा.”

त्यांनी बघितलं. मग चष्मा काढून डोळे चोळले.

“छापा,” ते म्हणाले. “पूर्ण छापा. पण खाली हिचं नाव मोठं टाका. माझे भाऊबंद चिडणार आहेत. फोन कुणाला करायचा ते त्यांना कळलं पाहिजे.”

कॉल संपल्यावर डेब्रा कॉफी आणायला गेली. त्या वर्षीच्या रिव्ह्यूमध्ये ‘क्लायंटशी वाद घालते’ असा शेरा मिळाला. तो खराच आहे.

नितीननं विचारलं, “नाव किती मोठं टाकू?”

“गावाच्या नावाएवढं. आडनावासकट.”

पुस्तक वाटल्यावर व्हिटलोंच्या एका चुलतभावाचा फोन आलाच. तो भरपूर ओरडला. मी त्याला नकाशाचं पान उघडायला लावलं आणि फळबागेखाली काय होतं ते सावकाश सांगितलं.

गावाचा नकाशा काढणाऱ्यानं हद्दीपुढे थोडा कागद मोकळा ठेवावा. राबणारी माणसं बहुधा तिथेच सापडतात. आणि त्याचं खापर आपल्या डोक्यावर फोडायचं कुणी ठरवलंच, तर फॉण्ट आपण निवडावा.